आधी विषय, मग देश

लेकीला कॉम्प्युटर सायन्सच्या एमएस्सीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय: झुरिकचं ईटीएच आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ. सांगलीतले नातेवाईक विचारतात, ‘मोठं कुठलं?’

मी बँकेतला माणूस, आधी आकडे मांडले. म्युनिकला युरोपीय संघाबाहेरच्यांना २०२४पासून एमएस्सीसाठी सत्राला ४ ते ६ हजार युरो शुल्क. झुरिकला २०२५मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचं शुल्क तिप्पट होऊनही २,१९० फ्रँक. पण तिथे राहणं फार महाग.

लेकीने मात्र दोन्हीकडचे विषय वहीत शेजारी शेजारी लिहिले. तिला संगणक-सुरक्षेत काम करायचंय. तेव्हा पटलं: पालकांनी खर्चाची मर्यादा स्पष्ट सांगावी आणि निवड मुलांवर सोडावी. परक्या शहरात रात्री जागून अभ्यास त्यांनाच करायचा आहे.