डोळ्यांतले पाणी धुळीच्या माथी मारू नका



गेल्या अंकातील पत्रलेखकाने राजुऱ्यातल्या गळत्या डोळ्यांचा सारा दोष कोळसा-सिमेंटच्या धुळीला दिला आणि थेंब घालण्याचा सल्ला दिला. धूळ आहेच, ती कोण नाकारेल? पण धुळीने सहसा दोन्ही डोळे चुरचुरतात, लाल होतात. एकाच डोळ्यातून बारमाही पाणी ओघळत असेल, तर अश्रुनलिका बंद आहे का, हे आधी पाहायला हवे. हा त्रास चाळिशीपुढच्या बायकांत अधिक दिसतो आणि पदराने डोळा टिपत त्या वर्षे काढतात, याचे मला फार वाईट वाटते.

तपासणी साधी आहे. डॉक्टर नाकाजवळचा कोपरा दाबतात. अश्रुपिशवीत पू साचला असेल तर तो उलटून डोळ्यात येतो. मग बारीक, बोथट सुईने नलिकेत पाणी सोडतात. ते घशात उतरले, तर वाट मोकळी.

पूर्ण बंद नलिका थेंबांनी उघडत नाही. त्यासाठी पिशवीतून थेट नाकात नवी वाट काढणारी डीसीआर शस्त्रक्रिया आहे. इटलीच्या तोती यांनी ती १९०४ मध्ये मांडली; आता ती नाकातून दुर्बिणीनेही होते, चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

अश्रुपिशवीत पू साचलेला असताना डोळ्याला धानाचे कूस लागले तर बुबुळावरची जखम चिघळून दृष्टी जाऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी अश्रुनलिकेची ही तपासणी करतात, तीही जंतू आत जाऊ नयेत म्हणूनच.

घरातल्या आई-मावशीचा डोळा सतत गळत असेल, तर थेंबांवर न थांबता तिला नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

— एक वाचक, राजुरा