वीतभर हात

दिवाळी अंकाचं खरं काम भादव्यात सुरू होतं. गणपती उठले की जाहिरातीचे पैसे मागत फिरायचं आणि पोळ्याला देतो म्हणून सांगितलेल्या, पण नवरात्र लागलं तरी न पोचलेल्या कथांची वाट पाहायची. यंदा या धबडग्यात एका लेखाची मूळ प्रत शोधताना माझी कात्रणांची जुनी वही हाती लागली. तिच्या एका पानावर सप्टेंबर 2009 मधल्या दोन मृत्युवार्ता शेजारी शेजारी चिकटवलेल्या आहेत. त्या वर्षी मी त्या एकत्र का लावल्या, हे आता आठवत नाही. डिंकाने पान तांबूस झालंय, पण दोन्ही मजकूर वाचता येतात.

पहिली बातमी आप्पा जळगावकरांची. 16 सप्टेंबरला ते पुण्यात गेले. दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होता. आपल्याकडची वर्तमानपत्रं ध्वजारोहणांनी भरलेली, त्यात जालन्याकडच्या या पेटीवाल्याला मिळेल तेवढी जागा मिळाली. दुसरं कात्रण इंग्रजी पेपरातलं. 25 सप्टेंबरला बार्सिलोनात अलिसिया दे लारोचा या पियानोवादक बाई वारल्या. आप्पांचा जन्म 1922 चा, बाईंचा 1923 चा. जन्मात वर्षाचं अंतर आणि मरणात नऊ दिवसांचं. दोघांचं आयुष्य काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर गेलं. एकमेकांचं नावही त्यांच्या कानावर गेलं असेल असं वाटत नाही.

आप्पांविषयी इथे परभणीत फार सांगायला नको. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी अशी एकाच रुळावरची ही गावं. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, वसंतराव देशपांडे, बिरजू महाराजांचं कथक, झाकीर हुसेन यांचा तबला, अशा सगळ्यांच्या शेजारी ते बसले. 2000 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण मला त्यांच्या बाबतीत राहून राहून वाटतं ते वेगळंच. ते अठराव्या वर्षात असताना, 1940 मध्ये, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. परदेशी वाद्य, बाराच ठरीव सूर, मींड निघत नाही, गळ्याला बिघडवते, असे आक्षेप होते आणि ते सगळेच खोटे नव्हते. बंदी सैल झाली ती 1971 मध्ये. म्हणजे माणसाची उमेदीची एकतीस वर्षं त्याचं वाद्य सरकारी रेडिओवर निषिद्ध होतं, आणि त्याच काळात मैफिलीत त्याच्यावाचून चालत नव्हतं. आपल्याकडच्या भजनी मंडळांना ही बंदी कळलीसुद्धा नसेल. गंगाखेडला, पाथरीला, पालमला पेटी वाजतच होती.

पेटीही मूळची युरोपातलीच. 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने तिचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची. मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी हाताच्या भात्याची पेटी पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. त्या सोयीची किंमत म्हणजे एक हात कायमचा भात्यावर गेला. पियानोवाल्याला दोन्ही हात मोकळे, शिवाय अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. पण त्याचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीवाल्याकडे वाजवायला एकच हात, मात्र भात्यात हवा आहे तोवर सूर टिकतो. आमच्या गल्लीतले एक भजनी म्हातारबा सांगायचे, "पेटीनं गळ्याच्या म्होरं पळू नाही. गळा थांबला तर थांबू बी नाही." साथीचं सगळं शास्त्र त्यात आलं.

आता त्या बाईंकडे वळतो. वाचकांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसणार. मीही कात्रण चिकटवेपर्यंत ऐकलं नव्हतं.

अलिसियाची आई आणि मावशी दोघी एन्रिके ग्रानादोस या संगीतकाराच्या शिष्या. ग्रानादोसने 1901 मध्ये बार्सिलोनात संगीताची शाळा काढली. त्याची अखेर कादंबरीत शोभेल अशी झाली. 1916 मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या ‘गोयेस्कास’ या ऑपेराचा प्रयोग झाला. तिथून थेट स्पेनला जाणारी बोट अमेरिकेच्या अध्यक्षांसमोर वाजवण्यासाठी थांबल्यामुळे चुकली. मग इंग्लंडमार्गे येताना, पहिल्या महायुद्धात, त्याची बोट जर्मन पाणबुडीने उडवली. तो वाचला होता, पण पाण्यात बायको दिसली म्हणून त्याने परत उडी घेतली आणि दोघंही बुडाले, असं सांगतात. शाळा त्याचा शिष्य फ्रँक मार्शल याने चालवली. अलिसिया या मार्शलची शिष्या. आपल्या भाषेत हे सरळ सरळ घराणं झालं, शिष्यांमधून चालत आलेलं आणि एका पिढीत बुडता बुडता तरलेलं.

पोरगी तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पट्ट्या बडवते म्हणून मावशीने पियानोला कुलूप लावलं, तर हिने रक्त येईपर्यंत जमिनीवर डोकं आपटलं. त्यानंतर शिकवणी सुरू झाली. ही गोष्ट ऐकून आजच्या आया-बापांनी हरखून जाऊ नये. लेकरानं डोकं आपटलं की त्यात प्रतिभाच असते असं नाही, बऱ्याचदा मोबाईल हवा असतो. पण 1929 मध्ये बार्सिलोनाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ती लोकांसमोर वाजवायला बसली तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती, आणि तिथून 2003 पर्यंत ती थांबली नाही.

मला थक्क करते ती तिच्या हातांची गोष्ट. बाई पाच फुटांहूनही ठेंगण्या होत्या. पियानोवर पांढऱ्या दहा पट्ट्या मापल्या, म्हणजे मधल्या सापासून तार सप्तकातल्या गपर्यंत, तर साधारण नऊ इंच होतात. आपल्याकडे मोठ्या माणसाची वीत तेवढीच धरतात. बाईंचा हात ताणून ताणून कसाबसा तिथवर पोचायचा. म्हातारपणी हात आखडला, मग पल्ला रेपर्यंत आला. आणि त्यांनी जन्मभर वाजवलं काय, तर मोठ्या हातांनाही जड जाणारं अल्बेनिझचं ‘इबेरिया’. बारा रचना. इसाक अल्बेनिझ 1909 मध्ये गेला, त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांतलं हे काम. ते कुणाला वाजवताच येणार नाही असं वाटून तो हस्तलिखित नष्ट करायला निघाला होता, असं सांगतात. (1909 हे का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’च्या पहिल्या दिवाळी अंकाचंही वर्ष. हा योगायोग कशाच्याही उपयोगाचा नाही, पण संपादकाला आवरत नाही.) बाईंनी ‘इबेरिया’ एकाहून अधिक वेळा समग्र ध्वनिमुद्रित केलं. पोचत नाही तिथे बोटं कशी उचलायची, कुठला सूर कुठल्या हाताने घ्यायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षं बसून सोडवलं. लहान हाताचं त्यांनी कौतुकही करून घेतलं नाही आणि गाऱ्हाणंही केलं नाही.

ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा आता येतो. बाईंच्या तरुणपणी बाहेरच्या जगात स्पॅनिश संगीत म्हणजे उन्हं, टाळ्या, गिटार आणि झग्यांच्या झालरी. मैफिलीच्या शेवटी तोंडी लावायचं. बाईंचं म्हणणं नेमकं उलटं होतं. ज्याला बाख आणि मोझार्ट नीट वाजवता येत नाही त्याला स्पॅनिश संगीत येणार नाही. त्यात लय सैल दिसते ती लय पक्की असल्यामुळे. आपल्या लावणीत किंवा ठुमरीत गाणारीण ठेक्याच्या मागे रेंगाळते, पण समेवर बिनचूक येते. ज्याला सम माहीत नाही तो रेंगाळला तर त्याला आपण बेताल म्हणतो.

यंदा आमच्याकडे आलेल्या कथा-कवितांचा ढीग वाचताना हे वारंवार आठवलं. निम्म्याहून जास्त लिखाण ‘आपल्या मातीतलं’ होतं. तसं पाकिटावरच लिहिलेलं. आत दुष्काळ, भेगाळलेली जमीन, डोळ्यात पाणी आणणारी माय. बोलीही असते, पण पहिल्या परिच्छेदापुरती. पुढे पात्रं पुण्यातल्या मालिकेतल्यासारखी बोलू लागतात. मराठवाड्याचं दुःख खरं आहे, हे परभणीत बसून मला कुणी सांगायची गरज नाही. पण दुःख खरं आहे म्हणून कथा खरी होत नाही. बाहेरच्यांनी आपल्यासाठी एक झालरीचा झगा शिवून ठेवलाय, आणि आपणच तो घालून मिरवतोय. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपण हसत हसत सांगतो. त्यातलं ‘चालून जाईल’ हे मात्र नकळत लिखाणात उतरतं.

इथे याच गावात बी. रघुनाथ राहून गेले. सातोन्याला 1913 मध्ये जन्म, निजामी राजवट, राज्यकारभाराची भाषा उर्दू, बांधकाम खात्यात कारकुनी. तिकडे बाईंच्या बार्सिलोनात फ्रँकोच्या राजवटीत कातालान भाषेला शाळांतून हद्दपार केलं होतं. इकडे आपल्या आजे-पणज्यांची मराठी घरात आणि भजनात तगली होती. अशा काळात रघुनाथांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि 1953 च्या 7 सप्टेंबरला, चाळिशीत, कचेरीत काम करता करताच ते गेले. त्यांच्या लिखाणात परभणी आहे, पण परभणी आहे म्हणून सूट मागणारी एकही ओळ मला सापडलेली नाही. आपण त्यांच्या नावाने सभागृह बांधलं. त्यांची पुस्तकं त्या मानाने कमी वाचली जातात, हे इथे लिहून टाकतो. राग आला तर पत्र लिहावं, पुढच्या अंकात छापू.

या अंकात त्यामुळे साहित्य थोडं कमी आहे आणि परत पाठवलेल्यांची संख्या जास्त. काही मित्र नाराज झाले. एकाने फोनवर ‘आता तुम्ही मोठे झालात’ असं सुनावलं. संपादकाला हे ऐकावं लागतंच.

पूर्णेकडच्या एका पोराची कथा मात्र सांगतो. कापूस वेचणाऱ्या बाईची होती. पहिल्या खर्ड्यात सुरुवातीची दोन पानं कोरडं आभाळ आणि बाईचे डोळे यांतच गेली होती. मी परत पाठवली. दुसऱ्यांदा आभाळ गेलं, डोळे राहिले. पुन्हा परत. तिसऱ्यांदा कथा सुरू होते ती शेताच्या बांधावर, काट्यापाशी. दिवसभर वेचलेलं गाठोडं मालकाच्या काट्यावर दीड किलो कमी भरतं. बाई काही बोलत नाही, गाठोडं सोडते, पुन्हा बांधते, पुन्हा काट्यावर ठेवते. एवढंच. पोराने सोबत चिठ्ठी जोडली होती: ‘सर, किलोमागचा दर गावात तिघांना विचारून टाकलाय.’ कथा याच अंकात आहे. दर मीही एकदा विचारून घेतला.