सत्कार झाला, पुढे काय?

सप्टेंबर महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांत फलक झळकू लागतात. अमक्यांचा मुलगा, तमक्यांची मुलगी उच्च शिक्षणासाठी लंडनला, एडिनबरोला, मेलबर्नला निघालेली असते. विहारात सत्कार होतो, गळ्यात निळा शेला पडतो, बाबासाहेबांची प्रतिमा भेट दिली जाते. ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरवावी लागली त्यांची नातवंडे सातासमुद्रापार शिकायला जातात, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु वर्षभराने तोच विद्यार्थी पदवी घेऊन घरी येतो, तेव्हा फलक लागत नाही. जातानाचा सोहळा सगळ्यांचा असतो; परतल्यानंतरचे दिवस मात्र त्याला एकट्याला काढावे लागतात. या दिवसांचा विचार समाज म्हणून आपण कधी करणार?

परतण्याचा अर्थ समजून घ्यायचा तर बाबासाहेबांच्या चरित्राकडेच जावे लागते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान व ग्रंथ पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या उच्चविद्याविभूषित माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. ओळख उघड होताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. मित्रांनीही आसरा दिला नाही. रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कामाठी बागेत काही तास काढले. परदेशात असताना ज्या अस्पृश्यतेचा जणू विसर पडला होता, ती बडोद्यात पाऊल ठेवताच पुन्हा समोर उभी राहिली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. तेथेही सहकाऱ्यांनी पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरून आक्षेप घेतला. म्हणजे कोलंबियाची विद्या पाठीशी असूनही माठातले पाणी बाटतेच! पदवीने माणसाची योग्यता वाढते. समोरच्याच्या डोक्यातली जात आपोआप जात नाही. हा परतीचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा आपण फारसा सांगत नाही. १९२० साली 'मूकनायक' सुरू झाले आणि त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी डी.एस्सी. झाले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. हे सारे त्यांच्या असामान्य जिद्दीचे फळ आहे, यात वाद नाही. परंतु त्यामागे राजर्षी शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना यांच्यासारख्या मित्राने दिलेले कर्ज होते आणि अपुऱ्या पैशांत संसार रेटणाऱ्या माता रमाईंचे कष्ट होते. 'बाबासाहेबांनी एकट्याने केले, तूही कर' असे आजच्या मुलांना सांगणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य आहे. बाबासाहेबांच्या मागे कोणी ना कोणी उभे होते. आजच्या मुलांच्या मागे कोण उभे आहे?

शासन उभे आहे, पण केवळ पदवी हातात पडेपर्यंत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती त्याहून जुनी, १९५०च्या दशकापासूनची आहे. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडे इतकी तरतूद या योजनांत होते. परतलेल्या मुलाच्या ज्ञानाचा देशाला उपयोग कसा करून घ्यायचा, याचे उत्तर मात्र त्यांत सापडत नाही. ज्याच्यावर जनतेचे लाखो रुपये खर्च झाले तो घरी बसून अर्ज भरत राहतो, यात तोटा एकट्या त्या मुलाचा नाही.

त्यातही केंद्राने २०२२ मध्ये एक नियम आणला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांना परदेश शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. म्हणजे जातीमुळे मागे राहिलास म्हणून शिष्यवृत्ती घे, पण त्या जातीचा अभ्यास करू नकोस! बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला निबंध भारतातील जातिसंस्थेवरच होता. हा नियम तेव्हा असता तर त्या अभ्यासाला पैसा मिळाला असता काय? शिकलेला मुलगा परत येऊन व्यवस्थेला प्रश्न विचारील, ही भीतीच या नियमामागे दिसते.

परतल्यावरच्या अडचणीही समजून घेतल्या पाहिजेत. ब्रिटनमधील एम.ए., एम.एस्सी. बहुधा एका वर्षाची असते. या पदव्यांना मान्यता देण्याचा करार भारत व ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये झाला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु मान्यता म्हणजे नोकरी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने परदेशी विद्यापीठाबाबत नेटमधून सूट दिली ती नामांकित विद्यापीठाच्या पीएच.डी.धारकांना, एम.ए. झालेल्यांना नाही. खासगी कंपनीत आरक्षण नाही. तेथे ओळखीपाळखी चालतात, आणि आपल्या मुलाचा मामा कोणत्या कंपनीत साहेब असतो? शहरात खोली पाहायला गेला की नावानंतर आडनाव विचारले जाते. वर्षभर ज्याला घरमालकाने फक्त भाडे विचारले, त्याला हा प्रश्न दुप्पट बोचतो. मुलींचे तर आणखी अवघड. मुलगी परत आली की पदवीचे प्रमाणपत्र पाहण्याआधी नातेवाईक स्थळ घेऊन येतात.

अशा वेळी आपल्यातलेच काही जण म्हणतात, "परत कशाला आलास? तिकडेच राहायचे होते." दुसरे काही जण तिकडे राहिलेल्याला समाजद्रोही ठरवून मोकळे होतात. दोन्ही बाजू घाईच्या आहेत. जात तिकडेही पोहोचली आहे. तेथे आपली माणसे लढली म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. तेव्हा माणूस कोठे राहतो यापेक्षा तो कोणासाठी उभा राहतो, हे पाहिले पाहिजे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा मांडली, ती पोट भरण्यातच गुंतलेल्या आणि समाजाकडे पाठ फिरवणाऱ्या शिक्षितांविषयी होती. मुंबईच्या सरकारी बंगल्यात राहूनही समाजाकडे पाठ फिरवता येते.

मग करायचे काय? पहिली मागणी शासनाकडे. परदेशातून परतलेल्या विद्यार्थ्याला किमान एक वर्षाची अभ्यासवृत्ती द्यावी आणि बार्टी, विद्यापीठे, जिल्हा परिषदा यांच्या कामात त्याच्या ज्ञानाचा उपयोग करून घ्यावा. परत आलेले आज काय करीत आहेत, याची माहिती दरवर्षी प्रसिद्ध करावी. विषयांवरची बंदी कायमची उठवावी. दुसरी मागणी आपल्याच शिक्षणसंस्थांकडे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती शिकलेल्यांनी पुढच्यांना शिकवावे म्हणून. परतलेल्या मुलांना व्याख्यानासाठी नव्हे, वर्गावर शिकवण्यासाठी बोलवा आणि त्याचे मानधन द्या.

तिसरी गोष्ट वस्तीच्या हातातली आहे. विहारात महिन्यातून एक रविवार ठरवा. परतलेल्याने बसावे आणि पुढच्या वर्षी जाऊ इच्छिणाऱ्यांना अर्ज कसा भरायचा, इंग्रजीची परीक्षा कशी द्यायची, उत्पन्नाचा दाखला व जात प्रमाणपत्र वेळेत कसे काढायचे, हे सांगावे. आज हीच माहिती मिळवण्यासाठी आपली मुले दलालांच्या दारात पैसे मोजतात. आणि घरच्यांनीही थोडा धीर धरावा. "परदेशात जाऊन काय दिवे लावलेस?" हा टोमणा सहा महिने तरी गिळून टाकावा.

परतलेल्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. इंग्रजीत लिहिलेला तुमचा प्रबंध तेथील ग्रंथालयात राहील. त्याचा सारांश मराठीत लिहा, म्हणजे तो तुमच्या आईपर्यंत पोहोचेल. स्वतःला साहेब समजून वस्तीपासून तुटू नका आणि अपमान झाला तर एकटे कुढत बसू नका, बोला. बडोद्याचा अपमान बाबासाहेबांनी मनात दाबून ठेवला नाही, त्याचे चळवळीत रूपांतर केले.

यंदाही फलक जरूर लावा. पण मागच्या वर्षी ज्याचा फलक लावला होता, त्याच्या घरी आधी जाऊन या. तो सध्या काय करतो ते विचारा आणि त्याच्यासाठी आपल्याला काय करता येईल, तेही ठरवा. जयभीम!