वलूरकाचे दान आणि इंद्रायणीचे पाणलोट

कार्ल्याच्या चैत्यगृहात एक शिलालेख आहे. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले, अशी त्यात नोंद आहे. समोरच्या भाजे लेण्यांतील एक लेख त्याहून साधा आहे : महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले. आजच्या परिभाषेत पहिले दान चालू खर्चाचे, दुसरे बांधकामाचे. आजच्या अनुदानदात्यांना दुसरे चटकन समजते, पहिले उमगत नाही. पाणलोट आणि वनसंवर्धनाचे घोडे नेमके येथेच अडते.

कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी कार्ल्यावरून देहू-आळंदीकडे जाते. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढा पाऊस म्हटल्यावर येथे पाणलोटाची चिंता कसली, असे मंत्रालयातील टेबलाला वाटणे स्वाभाविक आहे. १९७३-७४ पासूनच्या अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाने पाणलोट म्हणजे दुष्काळी मुलूख, असे समीकरण रुजविले. सह्याद्रीच्या उतारावरील माती चार महिन्यांत वाहून जाते, डोंगर कापून बंगल्यांसाठी रस्ते होतात, झरे फाल्गुनातच आटतात. या दुखण्याला त्या समीकरणात रकानाच नाही.

तरीही पैसा नाही, ही तक्रार अर्धसत्य आहे. नाबार्डचा पाणलोट विकास निधी १९९९-२००० मध्ये दोनशे कोटी रुपयांनी सुरू झाला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा साठ टक्के भाग स्वच्छता, पिण्याचे पाणी व जलसंधारण यांसाठी बांधून दिला. २००२ च्या जैवविविधता कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. किती गावांत तो कागदाबाहेर आला, हे विचारू नये. विदेशी देणगीचा मार्ग २०२० च्या दुरुस्तीनंतर अरुंद झाला : एका संस्थेने घेतलेली देणगी दुसरीकडे वर्ग करता येत नाही. मोठ्या संस्थेच्या छत्राखाली काम करणाऱ्या छोट्या मंडळांची त्यामुळे अडचण झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु परावलंबनाची सवय सुटली, तर तेही वाईट नाही.

जवळचा दाता शोधावा. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीत १९१५ पासून वीज निर्माण होते. इंद्रायणीच्या माथ्याचे हे पाणी शतकाहून अधिक काळ पश्चिमेला उतरत आले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार उद्योगांनी सामाजिक दायित्वाचा पैसा आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसरात प्राधान्याने खर्च करावयाचा आहे. मावळात कारखाने, विश्रामगृहे यांची वाण नाही. मागणाऱ्याने याचकाच्या नव्हे, पाण्याच्या वाटेकऱ्याच्या अधिकाराने मागावे.

मागावे काय, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. दात्याला रोपांची संख्या आणि पाटी लावण्याजोगी जागा हवी असते. पावसाळ्यात लावलेली रोपे पुढच्या वणव्यात जळतात. पाटी तेवढी उरते. वास्तविक येथील उतारावर हिरडा, बेहडा, जांभूळ यांची मुळे जमिनीत जिवंत असतात. जाळरेषा, राखणदाराचे वेतन आणि चराईचा नियम एवढ्यावर रान परत उभे राहू शकते. कारवी सात वर्षांनी फुलते. अनुदानाचा हिशेब मात्र ३१ मार्चला बंद होतो. म्हणून अर्जात तीन नव्हे, सात वर्षांच्या राखणीची तरतूद आग्रहाने लिहावी, नकार आला तरी चालेल.

१९९३ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या वॉटर या संस्थेने आधी श्रमदान, मग निधी ही अट गावांना घातली. हिवरेबाजारनेही कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आधी स्वतःवर लादून घेतली. कार्ल्यात श्रमदानाला हात कमी नाहीत. चैत्रात एकवीरेच्या दर्शनाला कोळी-आगरी बांधव सहस्रावधी संख्येने येतात. त्यांच्यापुढे डोंगराचा विषय देवस्थानाने मांडावा. लेण्यांभोवतीच्या क्षेत्रात पुरातत्त्व खात्याची आणि वनजमिनीवर वनखात्याची अनुमती लागेल. ती मिळण्यास वेळ लागतो, तेव्हा गट क्रमांक, नकाशा व ग्रामसभेचा ठराव येत्या पावसाळ्यापूर्वीच तयार असावा. जाळरेषा तर गवत वाळण्याआधीच काढावी लागते.