गुंड कोण, हे कोर्टात ठरू द्या!

गिरणीत साचेवाल्यावर सुताच्या दोन कांड्या चोरल्याचा आळ आला, तर मॅनेजरलासुद्धा आधी चार्जशीट द्यावं लागतं. कोणता दिवस, कोणती पाळी, पाहिलं कोणी, सगळं लिहून. मग चौकशी, साक्षी. एवढं झाल्यावर चोर म्हणायचं. हा नियम आम्हा कामगारांना फुकट मिळालेला नाही.

सरकारला मात्र चार्जशीट लागत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ त मुंबईत पुन्हा झाला. पडलेल्यांत आमचे कामगार होते, विद्यार्थी होते. मोरारजींच्या सरकारनं निदर्शकांना गुंड ठरवलं. बरं, गुंड तर गुंड. मग न्यायालयीन चौकशी नेमा, पुरावा मांडा! ती काही नेमली नाही. खुद्द केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख १९५६ त हाच सवाल करून मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

आता कायद्याची गंमत बघा. पिनल कोडाचं ४९९ कलम सांगत होतं की बेअब्रू समूहाचीही होते, अन् घरच्यांचं मन दुखवायचा हेतू असला तर मेलेल्या माणसाचीही होते. वाचायला छान. पण हुतात्म्याच्या विधवेनं फिर्याद करायची म्हटली तर? मंत्री विधानसभेत बोलला असेल तर घटनेचं १९४ कलम आडवं येतं. बाहेर बोलला तर कोर्ट विचारणार, बाई, 'गुंड' म्हटलं ते तुमच्याच नवऱ्याला कशावरून? वकिलाची फी अन् बुडालेले खाडे वेगळेच.

उलट मंत्र्याची अब्रू पाहा. त्याच १९५५ साली फौजदारी प्रक्रियेचा कायदा बदलला. मंत्र्याची त्याच्या सरकारी कामाबद्दल बदनामी झाली तर सरकारी वकील थेट सेशन कोर्टात फिर्याद घालणार. खर्च आपल्याच करातून. जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, ४९९ चं ३५६ झालं, ही सोय मात्र शाबूत! २०१६ त सुप्रीम कोर्टानं बदनामी हा गुन्हा कायम ठेवला, अब्रू हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे म्हणून. आम्हाला मान्य. त्यात आमचीही अब्रू धरा.

आमच्या सभांतही कोणाला 'फितूर' म्हणताना जीभ सैल सुटते, ते आम्हालाही शोभत नाही. पण आमच्या हाती बंदूक नसते.

आमची मागणी साधी आहे. मंत्र्यानं लोकांवर आरोप केला की तीस दिवसांत पुरावा द्यावा, नाहीतर त्याच सभागृहात उभं राहून शब्द मागे घ्यावा. अन् 'गुंड' ज्या अक्षरात छापलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात ती माफी छापावी.