मध्येच उभं राहून टाळ्या वाजवल्या, तर बिघडलं काय?



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. ज्यांनी कैरीच्या लोणच्याचं प्रमाण विचारलं होतं, त्यांना पुढच्या वेळी नक्की. आज मला भांडायचं आहे.

भांडण आहे न्यूयॉर्कच्या एका थिएटरातल्या टाळ्यांवरून. हसू नका, वाचा आधी.

'हॅलो, डॉली!' हे विनोदी संगीत नाटक ब्रॉडवेवर पहिल्यांदा आलं 1964 साली. त्याचे तेव्हा 2,844 प्रयोग झाले. तेच नाटक एप्रिल 2017 मध्ये शूबर्ट थिएटरमध्ये पुन्हा नव्याने उभं राहिलं. डॉलीचं काम करत होत्या बेट मिडलर, वय 71. दुसऱ्या अंकात नाटकाच्या नावाचं जे गाणं आहे, ते संपलं की अख्खं प्रेक्षागृह उभं राहायचं. नाटक संपल्यावर नाही, मध्येच! नट थांबलेले, वाद्यं थांबलेली आणि लोक टाळ्या वाजवतायत. मी त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला होते आणि पर्युषणानंतर आम्ही दोघी ते नाटक बघून आलो.

हे मी परवा भिशीत सांगितलं. वाटलं होतं, मजा वाटेल सगळ्यांना. पण एक म्हणाली, "नटीसाठी उठतात गं ते, नाटकासाठी नाही." दुसरी म्हणाली, "एवढी महागडी तिकिटं काढल्यावर टाळ्या वाजवाव्याच लागतात, नाहीतर पैसे गेल्याचं दुःख होतं." आणि तिसरी, जिचं बोलणं मला अजून टोचतंय, ती म्हणाली, "पण विधवा बाई, त्या वयात, लाल कपडे घालून जिन्यावरून नाचत येते, त्यात उभं राहण्यासारखं काय आहे?"

शेवटचं आधी घेत नाही. जरा गोष्ट सांगते, कारण गोष्ट माहीत नसताना शेरे मारायची आपल्याला फार सवय.

काळ साधारण 1890 च्या सुमाराचा. डॉली गॅलघर लीव्हाय ही विधवा पोटासाठी लग्नं जुळवायचं काम करते, आणि मिळेल ते दुसरंही काम करते. यॉंकर्स नावाच्या गावात होरेस व्हॅंडरगेल्डर नावाचा गवत-चाऱ्याचा श्रीमंत आणि चिक्कू व्यापारी आहे. त्याला बायको हवी आहे आणि ती शोधून द्यायचं काम डॉलीकडे आहे. डॉलीच्या मनात मात्र हा व्यापारी आपल्यालाच हवा असं आहे. बाकी मग नोकरांची पळापळ, टोप्यांचं दुकान, कपाटात लपणं, हॉटेलातला गोंधळ. सगळा हसवायचा मामला.

पण त्या हसण्याखाली एक गोष्ट चालू असते. नवरा एफ्राइम गेल्यावर ही बाई जगापासून दूर झालेली आहे. तिला परत माणसांत यायचं आहे. ती मेलेल्या नवऱ्याशी बोलते, त्याच्याकडे परवानगी मागते, काहीतरी खूण दे म्हणते. आणि मग दुसऱ्या अंकात, ज्या हॉटेलात ती नवऱ्याबरोबर जायची तिथे, लाल पोशाखात, डोक्यात पिसं खोवून, मोठ्या जिन्यावरून खाली उतरते. तिथले वेटर तिला ओळखतात. रांगेत उभे राहून तिचं स्वागत करतात. गाणं आहे ते त्या वेटरांचं! स्वतःचं कौतुक ती स्वतः करत नाही, आजूबाजूची माणसं म्हणतात की बाई, तू परत आलीस, बरं झालं.

मग गाता गाता ती वादकांच्या खड्ड्याभोवती बांधलेल्या अरुंद वाटेवरून प्रेक्षकांच्या अगदी जवळ येते. पहिल्या रांगेतल्या माणसाने हात पुढे केला तर पोशाखाला लागेल इतकी जवळ. आता सांगा, वेटर स्वागत करतायत, ती आपल्या पुढ्यात येऊन उभी आहे, आणि प्रेक्षकांनी काय हातांची घडी घालून बसायचं?

आपल्या आज्या-पणज्या संगीत नाटकांना जायच्या तेव्हा 'वन्स मोअर' मागून मागून नट दमायचे. बालगंधर्वांची पदं पुन्हा पुन्हा व्हायची, प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा. त्याचं आपण कौतुकाने वर्णन करतो. न्यूयॉर्कच्या लोकांनी दोन मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवल्या तर तो मात्र उथळपणा?

आता नटीचा मुद्दा. बेट मिडलर मोठ्या कलाकार आहेत, प्रश्नच नाही. पहिल्याच प्रवेशात त्या घोड्याच्या गाडीत वर्तमानपत्राआड बसलेल्या असायच्या. वर्तमानपत्र खाली आलं की थिएटर दणाणायचं. त्या टाळ्या नटीच्या, मान्य. अजून तिने एक ओळही म्हटलेली नसताना वाजतात त्या नटीच्याच असणार. त्यांना त्या वर्षी टोनी पुरस्कार मिळाला, नाटकालाही मिळाला.

पण आम्ही गेलो होतो मंगळवारी. मंगळवारी बेट मिडलर काम करत नसत, डॉना मर्फी करत. लेकीने मुद्दाम तो वार निवडला होता, कारण तिकीट आवाक्यात होतं. वर्तमानपत्र खाली आलं तेव्हा टाळ्या पडल्या, पण बेताच्या, सभ्य. पाहुणीला या-बसा म्हणतात तशा. आणि दीड तासाने जिन्याचं ते गाणं संपलं तेव्हा माझ्या पुढची रांग उभी राहिली, मग मागची, मग आम्ही. माझ्या शेजारच्या आजीबाई काठी टेकून उठल्या. नटीसाठीच लोक उठतात म्हणणारीला मला एवढंच विचारायचं आहे: मंगळवारी कुणासाठी उठले?

पैशाचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण मी बी.कॉम. आहे आणि चाळीस वर्षं घराचा हिशोब ठेवते आहे. तिकीटविक्रीच्या पहिल्याच दिवशी 90 लाख डॉलरच्या वर विक्री झाली होती, तो ब्रॉडवेचा विक्रम होता. सगळ्यात चांगल्या जागांचं तिकीट 748 डॉलरपर्यंत गेलं, म्हणजे तेव्हाच्या भावाने 48 हजार रुपयांच्या आसपास. पुढे ते आणखी वाढलं. 48 हजारांत माझ्या घराचा दोन महिन्यांचा किराणा, दूध, भाजी आणि कामवाल्या बाईंचा पगार निघतो. तेव्हा महाग होतं यात वाद नाही, आणि ते मला बरोबरही वाटत नाही.

गंमत बघा. या नाटकातला पैशाचा विचार असा, की पैसा शेणखतासारखा असतो, ढीग लावून ठेवला तर उपयोग नाही, पसरला तर कोवळी रोपं वाढतात. एफ्राइम हे म्हणायचा. शेवटी तो चिक्कू व्यापारी नकळत तेच बोलतो आणि डॉलीला तिची खूण मिळते. रोज रात्री हे ऐकून लोक हसायचे, आणि खिडकीवर ढीग वाढतच होता. निर्मात्यांनी स्वतःचं नाटक कान देऊन ऐकलं नसावं.

पण पैसे वसूल करायला उभं राहायचं असेल, तर माणूस शेवटी उभं राहतो. ब्रॉडवेवर हल्ली प्रत्येक नाटकाच्या शेवटी लोक उभे राहतात, ही तक्रार तिकडचे नाटकवाले कितीतरी वर्षं करतायत, आणि मला ती पटते. निम्मे लोक कोट चढवत असतात, निम्म्यांना गाडी गाठायची असते, उभं राहिलंच आहे तर टाळ्याही वाजवू म्हणतात. त्या टाळ्यांचा हिशोब मी धरतच नाही. पण खेळ अर्धा बाकी असताना, पुढे आणखी पाहायचं असताना, खुर्ची सोडून कोण उठतं? हिशोबी माणूस तर मुळीच नाही. त्याला त्याची 748 डॉलरची खुर्ची सोडवणार नाही!

आता तिसरी. विधवा, त्या वयात, लाल कपडे.

या गोष्टीचा इतिहास ऐका. मूळ इंग्रजी नाटक 1835 चं, त्यावरून 1842 मध्ये व्हिएन्नाच्या नेस्ट्रॉयने आपलं नाटक लिहिलं. दोन्हींमध्ये डॉली नाही! व्यापारी आहे, पळालेले नोकर आहेत, गोंधळ आहे, विधवा लग्न जुळवणारी नाही. तिला आत आणलं अमेरिकन लेखक थॉर्नटन वाइल्डरने, 1938 साली. ते नाटक पडलं, 39 प्रयोगांत बंद झालं. त्याने हट्ट सोडला नाही. पुन्हा लिहिलं, डॉलीला आणखी पुढे आणलं, आणि 1955 मध्ये 'द मॅचमेकर' म्हणून आलं तेव्हा 486 प्रयोग झाले. त्याचं संगीत नाटक केल्यावर 2,844. आकडे बोलतात, असं आमचे अकाउंट्सचे सर म्हणायचे. जितकी ती बाई पुढे आली तितके लोक वाढले.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? तो व्यापारी होरेस विधुर आहे. त्यालाही दुसरं लग्नच करायचं आहे. प्रौढ आहे, खेकसतो, पैशाला चिकटलेला. त्याने दुसरी बायको शोधली यावर भिशीत एक शब्द निघाला नाही. टोप्यांच्या दुकानाची मालकीण आयरीन, तीही विधवा, तीही शेवटी लग्न ठरवते. तिच्यावरही कुणी बोललं नाही, बहुधा ती तरुण आहे म्हणून. राग सगळा डॉलीवर, कारण तिचं वय झालं आहे आणि तिला मजा येते आहे.

मजा कशी, तर एक प्रवेश आहे. कोर्टाचं दृश्य सुरू झालंय, सगळे ताटकळतायत, आणि डॉली अजून तिच्या टेबलाशी बसून जेवते आहे. सावकाश, चवीने, पुन्हा वाढून घेऊन. (ताटात काय होतं ते विचारू नका, आपल्या पंगतीतलं काही नव्हतं.) ती काही बोलत नाही, नुसती खाते, आणि थिएटर हसून हसून लोळतं. मी आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यात जास्त बायका हसत होत्या, आणि त्यातही माझ्या वयाच्या. एका बाईचं जेवण होईपर्यंत अख्खं कोर्ट थांबलंय, हे दृश्य आपल्यातल्या कुणी आपल्या घरात कधी पाहिलंय? शेवटची पोळी लाटून झाल्यावर ओट्याशी उभ्याने खाणाऱ्या आपण. त्यातून नवरा गेला की घरचे म्हणतात, तिला कुठे आता चवीढवीचं.

इथे मला सांगण्यात येतं की आपल्यात त्यागाला महत्त्व आहे. आहेच. मी स्वतः दशलक्षणात एकाशन करते. पण नियम जो तो आपल्या तोंडाने घेतो. महाराजांसमोर हात जोडून दुसरीच्या नावाने नियम घेतलेला मी तरी पाहिला नाही. मग नवरा गेलेल्या बाईचे रंग, गाणं, हसणं हे आपण चौघीजणी बसून कुठल्या अधिकाराने सोडवतो?

माझी धाकटी जाऊ अकरा वर्षांपूर्वी एकटी झाली. आमच्या घराण्यात हळदीची गाणी तिच्याइतकी कुणाला येत नाहीत. प्रत्येक लग्नात मी तिला हाताला धरून पुढे बसवते आणि ती गाते. गाणं संपतं तेव्हा काय होतं सांगू? शांतता. दोघीतिघी उठून मेंदीच्या बाजूला जातात, कुणी पाणी मागतं. तिला नको कुणी म्हणत नाही, पण छान म्हणायलाही कुणी धजत नाही. पुढच्या लग्नात ती मागच्या रांगेत जाऊन बसते आणि मला पुन्हा उठवून आणावं लागतं. न्यूयॉर्कच्या त्या हजार-दीड हजार अनोळखी लोकांनी जे दोन मिनिटांत केलं, ते आपल्या पन्नास नात्यातल्या बायकांना अकरा वर्षांत जमलं नाही. आणि उथळ ते?

जानेवारी 2018 मध्ये बेट मिडलर काही महिने बाजूला झाल्या आणि डॉलीचं काम बर्नाडेट पीटर्स यांनी घेतलं. तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. त्यांचे पती 2005 साली हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले. म्हणजे जानेवारीपासून त्या जिन्यावरून लाल पोशाखात जी बाई उतरत होती, तिचा नवरा खरोखर गेलेला होता. आठवड्याला आठ प्रयोगांचं ते नाटक, रोज मेलेल्या नवऱ्याशी बोलायचं, परवानगी मागायची, आणि मग खाली उतरायचं. ज्यांना 'त्यात उभं राहण्यासारखं काय' असं अजून वाटतं, त्यांनी हे डोक्यात ठेवून पुन्हा बोलावं.

पुढची भिशी माझ्याकडे आहे. जाऊबाई येणार आहे आणि गाणार आहे. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची आहेत, म्हणून चारच्या ठोक्याला या.