धोतर मधून फाडू नका!

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी अंजनगावी आमच्या घरी फराळाला आलेले एक स्नेही म्हणाले, "शकुंतला गेली ती गेली. रुळांखालची जमीन आता विकून टाकावी. दुकाने निघतील, गावाची भरभराट होईल." पाहुणे ताटावर होते म्हणून मी गप्प राहिलो. उत्तर येथे देतो.

मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा अडीच-फुटी मार्ग किलिक-निक्सन या विलायती पेढीच्या कंपनीने घातला तो वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला पोचावा म्हणून. स्वातंत्र्यानंतरही तो खाजगीच राहिला. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे! १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. पुढे डिझेल आले, तरी एवढ्या वाटेला चार तास लागतच. आम्ही तिची थट्टा पुष्कळ केली. पण मजुराला परवडे ते तिचेच तिकीट, बसचे नव्हे.

२०१६ साली ब्रॉडगेजची घोषणा झाली. आज ब्रॉडगेज नाही आणि शकुंतलाही नाही. पूर्णेवरचा पूल तेवढा उरला आहे.

आता स्नेह्यांना विचारतो, त्या पुलाचे करायचे काय? पुलाची किंमत त्याच्या लोखंडात नसते, दोन्ही काठांना येऊन मिळणाऱ्या वाटेत असते. रेल्वेची जमीन हे धोतराचे पान आहे. मधला हातभर तुकडा फाडून विकला तर उरलेले नेसता येत नाही. उद्या ब्रॉडगेज आलीच, तर तोच तुकडा दुकानांच्या भावाने परत घ्यावा लागेल. आणि तो भाव कोण भरणार? तुम्ही-आम्हीच ना!

"जमिनीच्या पैशातूनच रेल्वे होईल," असेही ते म्हणाले. हे गणित दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनने मांडून पाहिले आहे. तेथे १९७७ पासून उड्डाणपूल हवेत अर्धवट लोंबकळत आहेत. शेजारची जमीन बिल्डराला द्यावी, त्याने पूल पुरे करावेत, अशी योजना निघाली, आणि २०१८ मध्ये ती रद्द झाली. पूल होते तेथेच राहिले.

माझे मागणे एवढेच : ब्रॉडगेजचा निकाल लागेपर्यंत या पट्ट्याची मोजणी करून हद्दीचे दगड रोवा आणि एक गुंठाही कोणाला देऊ नका. स्नेही पाडव्याला पुन्हा येणार आहेत. हा अंक त्यांच्या ताटाशेजारीच ठेवीन म्हणतो.